गळीत हंगामातली प्रार्थना

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की सांगली जिल्ह्यातला कडेगाव तालुका पुढचे चार-पाच महिने एकाच तालावर चालतो. तोडणीची टोळी कधी येणार, आपल्या फडाची पाळी कधी लागणार, ट्रॉली वजनकाट्यासमोर किती वेळ अडकून पडणार, बिलातून सोसायटीचे कर्ज फिटून हाती काय उरणार, याखेरीज घराघरांत दुसरे बोलणे नसते. त्यात शेतीपंपांना रात्रीची लाईट आली की घरातला कर्ता माणूस अंधारात पाणी पाजायला जातो. ख्रिस्ती वर्षातले दोन्ही गंभीर काळ नेमके याच महिन्यांत येतात. नाताळाआधीचे आगमनकाळाचे आठवडे हंगामाच्या भरात येतात आणि ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस बहुतेक वर्षी हंगामाच्या शेवटच्या घाईत. हे पंचांग ज्या युरोपात रुळले तिथे डिसेंबरात शेते थंडीने निजलेली असतात. सांगली-साताऱ्याकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला मात्र थांबा, अंतःकरण तपासा असे चर्च सांगते ते त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा. शिवाय या भागात ख्रिस्ती घरे मोजकी आहेत. कडेगावच्या मोहरमला उंच ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा हिंदू-मुसलमान सगळे मिळून गाव थांबवतात. आषाढीला अवघा महाराष्ट्र पंढरीकडे वळतो. आगमनकाळासाठी इथला रस्ता थांबत नाही, कारखान्याची शिट्टीही थांबत नाही. ज्याच्या श्रद्धेला गावाच्या रीतीचा आधार नाही त्याने रोजच्या रगाड्यात देवाकडे लक्ष कसे ठेवायचे, हा प्रश्न म्हणून इथे जास्त टोकदार होतो.

याचे नेहमीचे उत्तर असे दिले जाते की मोह टाळा, करमणूक कमी करा, मन घट्ट करा. हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण ते रोगच चुकीचा ओळखते. येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दृष्टांतात काही बी काटेरी झुडपांत पडते, उगवते आणि गुदमरते. हे काटे म्हणजे काय, याचा उलगडा शुभवर्तमानातच आहे आणि त्यात पहिले नाव संसाराच्या चिंतेचे आहे. धनाचा मोह त्यानंतर येतो. चिंता हे पाप म्हणून कोणी करत नाही. मुलीची फी, आईचे औषध, सोसायटीचा हप्ता यांची काळजी जबाबदार माणसालाच लागते. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या मार्थेचेही तसेच आहे. ती पाहुण्यांसाठी स्वयंपाकात गुंतली आहे, वाईट काही करत नाही. येशू तिला कामाबद्दल बोलत नाही, अनेक गोष्टींनी झालेल्या तिच्या तगमगीबद्दल बोलतो. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात कबूल केले आहे की सशामागे धावणारा कुत्रा किंवा माश्या टिपणारी पाल दिसली तरी त्याचे चित्त ध्यानातून निसटे. तो तेव्हा बिशप होता. देह देवळात आणि चित्त पायतणात ही आपली म्हण ऐकली असती तर त्याने ती लगेच उतरवून घेतली असती. मन भरकटणे हा माणसाचा स्वभाव आहे आणि भरकटण्याची निमित्ते बहुधा निर्दोष, पुष्कळदा आवश्यकच असतात. ती आयुष्यातून काढून टाकता येत नाहीत. म्हणून प्रश्न उरतो तो त्याच कामांत परत येण्याच्या वाटा बांधून ठेवण्याचा.

या निमित्तांत खुद्द धर्मकार्यही येते, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, नंतर ते पुण्यात आणले, विधवा मुलींसाठी समाजाचा रोष पत्करला. एवढे करूनही पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले की बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हे विधान मला मराठी ख्रिस्ती लेखनातले सगळ्यांत धाडसी विधान वाटते. बाई आळशी नव्हत्या, उथळ नव्हत्या, ऐहिक सुखात रमलेल्या तर मुळीच नव्हत्या. चांगल्या कामाच्या गर्दीतसुद्धा ज्याच्यासाठी काम चालले आहे तो नजरेआड होऊ शकतो, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीत ओळखले. त्यानंतर त्यांनी काम सोडले का? उलट ते वाढवले. दौंडजवळच्या केडगावात मुक्ती सदन उभे राहिले, दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली तिथे आल्या, शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात रमाबाईंची शेवटची वर्षे गेली. त्या पानांचे खिळे जुळवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या तिथल्याच स्त्रिया होत्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली तरी भाषांतर थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या तोवर ते हातावेगळे झाले होते. कामाचा बोजा कमी झालेला नसताना त्याच्या मध्यावर रोज वाचायचा, शब्दाशब्दाने तोलायचा मजकूर येऊन बसला होता. शास्त्र हेच दिवसाचे काम झाले, हा त्यांनी काढलेला मार्ग होता.

प्रत्येकाला बायबलचे भाषांतर करायला मिळत नाही. सामान्य घरासाठी अधिक उपयोगी वाट नारायण वामन टिळकांनी दाखवली, आणि तिचा शेवटचा टप्पा साताऱ्यातला आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा तो बंधुभाव होता. १९१९ मध्ये टिळक गेल्यामुळे तो फार वाढला नाही. त्यांची पदे, भजने आणि अभंग मात्र आजही मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या काळात उपासनेत बरीच गीते इंग्रजीवरून उतरवलेली, परक्या चालींवर गायली जात. ती चर्चमध्ये म्हणता येत, पण घरी आल्यावर सोबत राहात नसत. अभंग आणि ओवी यांचा जन्मच कामाच्या सोबतीने झालेला. जात्यावर दळताना बाई ओवी म्हणे, सावता माळी मळ्यात विठ्ठल पाहात होता, जनाबाईचा देव तिच्याबरोबर दळायला बसत होता. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक मोकळेपणी सांगत, आणि त्या वाटेवरून त्यांनी हेही उचलले असावे की मराठी माणसाच्या तोंडी जे बसते ते त्याच्या हातांच्या कामात उतरते. खुरपताना, दारे धरताना, एसटीत उभ्याने जाताना ओठांवर आलेले भजन कोणाच्या वेळापत्रकात जागा मागत नाही. निश्चय करून देवाची आठवण काढायला बळ लागते आणि दमलेल्या माणसाकडे तेच कमी असते. सवयीने ओठांवर येणाऱ्या ओळीला मात्र ते लागत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ठरलेली वेळ, पाठ झालेले शब्द, सवयीचे गाणे ही पोपटपंची नव्हे काय? मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने व्यर्थ बडबडीची प्रार्थना नाकारली आहे आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या इशाऱ्याची विशेष जाण आहे. पण त्याच अध्यायात, त्या इशाऱ्याला लागूनच, त्याने शिष्यांना शब्दबद्ध प्रार्थना शिकवली. 'दिदाखे' हे अगदी आरंभीच्या मंडळ्यांचे पुस्तक ती प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगते. दानीएल बाबेलमध्ये दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकत होता. नाकारले आहे ते देवाला शब्दांच्या संख्येने वळवू पाहणे. पाठ असलेली प्रार्थना कधी नुसती तोंडून जाते, हे खरेच आहे. ती मुळीच नसेल तर मन ओढून घ्यायला त्या दिवसात काही उरत नाही, हेही तितकेच खरे आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकघर सांभाळणारा ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या खणखणाटात देवाचे सान्निध्य अनुभवत असे म्हणून त्याचे दाखले दिले जातात. पण ते मन घडायला अनेक वर्षांचा सराव लागला आणि सुरुवातीला आपण सतत विसरत होतो, असे त्यानेच सांगितले आहे. विसरल्यावर स्वतःला कोसत न बसता परत वळणे, एवढीच त्याची रीत.

मोबाइलबद्दल फार लिहायला नको, कारण तो या जुन्या रोगाचे नवे साधन आहे. एक गोष्ट मात्र नमूद करायला हवी. पहाटे दहा गटांवर फुलांच्या चित्रासह वचन पुढे पाठवणे हे प्रार्थनेसारखे दिसते आणि प्रार्थनेची जागा सहज घेते. रमाबाईंनी आठ वर्षांनी जे ओळखले ते आपण रोज सकाळी आठ मिनिटांत विसरू शकतो. बायबल फोनवर वाचण्यात दोष नाही, पण त्याच पडद्यावर उसाच्या दराची बातमी येऊन बसते. घरातले छापील पुस्तक अजून तरी मध्येच दुसरे काही दाखवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देवाकडे लागलेले लक्ष माणसांवरून उडते. गोरा कुंभाराची कथा मराठी मनाला ठाऊक आहे: भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पोटचे पोर पायाखाली आले. कथेत मूल परत मिळते. संसारात तसे होत नाही. टिळकांच्याच घरात याचा पुरावा आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसते की हातातले पैसे वाटून टाकणारा, न सांगता निघून जाणारा, विसराळू कविमनाचा नवरा देवाच्या शोधात असताना घराची फरपट कोणाला सोसावी लागत होती. त्या स्वतः पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पुढे नेले. त्यांच्या हातून घरही चालले आणि काव्यही, म्हणून लक्ष एकाग्र ठेवण्याचा धडा टिळकांपेक्षा त्यांच्याकडून घ्यावा असे मला वाटते. लूकनेही हा धोका पाहिला असावा. मार्था-मरीयेच्या प्रसंगाच्या अगदी आधी त्याने चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत ठेवला आहे. याजक आणि लेवी जखमी माणसाला टाळून पुढे गेले, आणि ज्याच्या प्रवासात खोळंबा झाला तोच प्रशंसेला पात्र ठरला. दोन्ही प्रसंग एकत्र वाचले की कसोटी हाती येते. शेजाऱ्याची गरज आड आली तर तो व्यत्यय धरायचा नाही. स्वतःभोवती फिरणारी तगमग हाच खरा व्यत्यय. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले. शस्त्रक्रियेआधी क्षणभर प्रार्थना करण्याची अशा मिशन दवाखान्यांतली रीत याच कसोटीला उतरते. त्या प्रार्थनेने लक्ष रोग्यावरून हटत नाही, अधिक स्थिर होऊन त्याच्यावरच येते.

आता राहिला सर्वांत अवघड आक्षेप: हे सगळे ज्याला थोडी उसंत आहे त्याचे बोलणे आहे. पहाटे कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या आणि रात्री मोळ्या गाडीत भरणाऱ्या ऊसतोड मजुराला लक्ष एकाग्र करा असे सांगणे क्रूरपणाचे नाही का? सांगणारा तिथेच थांबला तर आहेच. पण शब्बाथाची आज्ञा तिथे थांबत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याचे कारण म्हणून मिसरातली गुलामगिरी आठवून दिली आहे, आणि विसावा घरधन्यापुरता ठेवलेला नाही. दास, दासी, बैल, गाढव, दारी राहणारा परका, सगळ्यांची नावे घेतली आहेत. देवाकडे लक्ष देण्याची मोकळीक ही आध्यात्मिक शिस्तीइतकीच मजुरीची आणि कामाच्या तासांची बाब आहे, हे शास्त्रानेच मांडले आहे. त्यामुळे कडेगावच्या शिवारात ज्या ख्रिस्ती कुटुंबाकडे ऊस आहे, त्याच्या आगमनकाळाची तयारी घरच्या प्रार्थनेच्या वेळेबरोबर दुसऱ्या एका हिशेबानेही व्हायला हवी: आपल्या फडातल्या टोळीला आठवड्यात एक सबंध दिवस मिळतो का, त्या दिवसाची मजुरी कापली जाते का, आणि कोपीवरची मुले त्या दिवशी तरी आईजवळ असतात का.