त्वचेच्या रंगाविषयीचा पूर्वग्रह : व्याख्याने व कार्यशाळांद्वारे प्रबोधन

प्रस्तावना :
सावळ्या विठ्ठलाची भक्ती करणाऱ्या मराठी समाजात वधू मात्र गोरीच हवी असते. मुलगी पाहून आल्यावर 'नाकीडोळी नीटस आहे, पण रंगाने डावी' असा शेरा सहज दिला जातो. 'काळी असली तरी हुशार आहे' या वाक्यातील 'तरी' हा शब्द रंगाला उणीव ठरवतो. हा पूर्वग्रह कौतुकाच्या भाषेतूनही व्यक्त होत असल्याने तो अन्याय आहे, हे सहसा जाणवत नाही. व्याख्याने व कार्यशाळांद्वारे त्याविषयी प्रबोधन कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रीय आधार :
त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याचे प्रमाण, प्रकार व वितरण यांत. हे द्रव्य अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. गर्भवतीने केशरयुक्त दूध घेतल्याने बाळ गोरे होते, या समजुतीस शास्त्रीय आधार नाही. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते, हा काही ठिकाणी आढळणारा समज तर घातक आहे; कारण गोळ्या टाळल्यास रक्तक्षयाचा धोका वाढतो. वैद्यकीय सल्ल्याविना स्टेरॉइडयुक्त मलमे दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते, तर पारायुक्त प्रसाधनांमुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

चेन्नईतील उपक्रम :
'विमेन ऑफ वर्थ' या संस्थेने २००९ मध्ये चेन्नई येथे 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू केली. २०१३ मध्ये अभिनेत्री नंदिता दास यांनी तिला पाठिंबा दिल्यानंतर तिची देशभर चर्चा झाली. जाहिरातींचे चिकित्सक वाचन शिकविणाऱ्या कार्यशाळा हा या मोहिमेचा महत्त्वाचा भाग होता. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने गोरेपणाच्या प्रसाधनांच्या जाहिरातींत सावळ्या व्यक्तीस दुःखी वा अयशस्वी दाखवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, मन बदलण्याचे कार्य शिल्लक आहे.

कार्यशाळेचे स्वरूप :
'सावळा रंगही सुंदर असतो' एवढे सांगून भागत नाही. त्यातून सावळ्या मुलीचे सांत्वन होते. तिला मोजणाऱ्यांची मोजपट्टी तशीच राहते. म्हणून प्रबोधनाचा रोख निवड करणाऱ्यांकडे, म्हणजे पालक, विवाहेच्छू तरुण व शिक्षक यांच्याकडे असावा. व्याख्यानातून माहिती मिळते. सवय बदलण्यासाठी मात्र सहभाग आवश्यक असतो. पहिल्या टप्प्यात सहभागींनी घरात रंगाविषयी वापरले जाणारे शब्द लिहून काढावेत. दुसऱ्या टप्प्यात विवाहविषयक व प्रसाधनांच्या जाहिरातींचे विश्लेषण करावे. तिसऱ्या टप्प्यात त्वचारोगतज्ज्ञांनी शंकानिरसन करावे. अखेरीस प्रत्येकाने आपल्या अधिकारातील एखाद्या निर्णयाची या दृष्टीने तपासणी करावी. कोणत्याही सहभागीचा रंग उदाहरण म्हणून वापरू नये व अनुभवकथनाची सक्ती करू नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरातील बौद्धिक सत्रात ग्रामस्थांसह हा उपक्रम घेता येईल.

समारोप :
या तपासणीची सुरुवात महाविद्यालयापासूनच व्हावयास हवी. पाहुण्यांच्या स्वागतासाठी पुष्पगुच्छ घेऊन कोणाला उभे केले जाते, सूत्रसंचालन कोणाकडे जाते, स्नेहसंमेलनातील नाटकात नायिका कोण होते व मोलकरीण कोण, या निवडी बहुधा प्राध्यापकच करतात. त्यांमागील निकष त्यांनी उघडपणे सांगितले, तर विद्यार्थ्यांना व्याख्यानाहून अधिक काही शिकावयास मिळेल.