रोखीचा मान आणि हप्त्याची सूट

2016 च्या दसऱ्याआधी वडिलांना घेऊन गाडी पाहायला अजिंठ्याहून शहरात गेलो होतो. मॉडेल ठरलं, रंग ठरला. वडिलांनी पिशवीतून चेकबुक काढलं आणि म्हणाले, "पूर्ण पैसे एकदम देतो, भाव नीट लावा." समोरचा पोरगा अदबीने म्हणाला, "काका, त्यापेक्षा फायनान्स करा ना. वीस हजार कमी करतो. एकदम पैसे दिले तर एवढं नाही बसत."

वडिलांनी त्याला ते दोनदा सांगायला लावलं. अजिंठ्याच्या बाजारात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. खत असो, कापड असो, पत्रे असोत, रोखीवाल्याला चार पैसे कमी आणि उधारीवाल्याला चढा भाव, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इथे तर कर्ज न काढणाऱ्यालाच गाडी महाग पडत होती. त्यांनी वीस हजार सोडले आणि चेक दिला. परतताना सिल्लोडपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललो नाही, कारण मला तो हट्ट वाटला होता. पण त्या वीस हजारांचा विचार डोक्यातून गेला नाही. त्याचा शोध घेत मागे जावं, तर आमच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा चाळीस वर्षांचा हिशेबच उलगडतो.

1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर स्कूटर तयार होऊ लागली, तरी नंबर लावून वाट पाहायची सवय लगेच सुटली नाही. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 चंही तसंच. बुकिंग करायचं आणि थांबायचं. घाई असेल त्याने ज्याचा नंबर लागलाय त्याला वरचे पैसे मोजायचे. त्या काळी सूट हा शब्द गाडीच्या दुकानात कुणी उच्चारत नसे. माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असल्यावर विकणाऱ्याने का म्हणून सोडावं?

कर्ज होतं, पण ते मागून घ्यावं लागे. दक्षिणेकडच्या फायनान्स कंपन्या ट्रकवाल्यांना भाडेखरेदीवर पैसे देत. बजाजनेही 1987 मध्ये स्वतःची फायनान्स कंपनी काढली. माझ्या काकांनी नव्वदच्या दशकात फर्दापूर आणि सिल्लोडच्या दरम्यान चालवायला जीप घेतली, तेव्हा दोन जामीनदार, कोऱ्या चेकांचा गठ्ठा आणि आरसी बुकावर फायनान्स कंपनीचं नाव, एवढं सगळं झाल्यावर चावी हातात आली. व्याज सांगितलं होतं "फ्लॅट". घरात कुणालाच त्याचा अर्थ कळला नव्हता. सगळे फक्त हप्त्याचा आकडा विचारत.

या फ्लॅट शब्दाने आमच्या भागात फार लोकांना फसवलं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. पाच लाख कर्ज, पाच वर्षं, सात टक्के फ्लॅट. म्हणजे दरवर्षी पस्तीस हजार याप्रमाणे पावणेदोन लाख व्याज, आणि हप्ता 11,250. ऐकायला सात टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असते. चौथ्या वर्षी तुमच्याकडे पाच लाख उरलेलेच नसतात, तरी व्याज मात्र पाच लाखांवरच. उतरत्या शिलकीने मांडलं तर हाच दर जवळपास साडेबारा टक्के होतो. काकांनी जीपचे सगळे हप्ते वेळेवर भरले. हप्ता थकला तर फायनान्सवाले गाडी ओढून नेतात, ही धास्ती त्यांच्या जेवणाच्या ताटापर्यंत येत असे. पाऊस जास्त झाला की अजिंठ्याची लेणी पाहायला येणारे प्रवासी कमी, आणि सोमवारी तर लेणी बंदच. हप्त्याला मात्र सोमवार नसतो.

1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर चित्र पालटलं. 1993 मध्ये मोटार उद्योगावरचं परवान्याचं बंधन उठलं. 1998 मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या. आता माल भरपूर होता आणि गिऱ्हाईक शोधावं लागत होतं. 2003-04 च्या सुमारास वाहनकर्जाचे दर एक आकडी झाले आणि शोरूममध्येच बँकेच्या माणसाचं टेबल लागलं. माझ्या मते गाडीच्या दुकानातली खरी उलथापालथ त्या टेबलाने केली. गाडीवर विक्रेत्याला सुटणारे पैसे मुळात थोडे, त्यातून भाडं, पगार, वर्कशॉप भागवायचं. कर्ज जमवून दिलं की बँक किंवा फायनान्स कंपनी त्याला कर्जाच्या रकमेवर कमिशन देते. विमा त्याच्याकडूनच घेतला तर त्याचे पैसे वेगळे. महिन्याला ठरलेल्या आकड्याच्या वर कर्जं गेली तर आणखी काही हातात पडतं. यातलाच एक तुकडा तो गिऱ्हाइकाला "सूट" म्हणून देतो. चेकबुक काढणाऱ्या माझ्या वडिलांकडून त्याला कर्जावरचं हे कमिशन मिळणार नव्हतं. तो पोरगा खोटं बोलत नव्हता. एकदम पैशात खरंच त्याचं "बसत" नव्हतं.

दुसरंही कारण आहे, ते दुकानात दिसत नाही. अंगणात उभ्या असलेल्या गाड्याही बहुतेक कर्जावरच आणलेल्या असतात. कंपनीकडून त्या उचलण्यासाठी विक्रेता बँकेकडून पैसे घेतो आणि गाडी उभी राहील तितके दिवस व्याज भरतो. लाखभर रुपये खिशात असलेला माणूस सहा लाखांची गाडी हप्त्यावरच घेऊ शकतो. त्याला "हो" म्हणायला लावणं म्हणजे अंगणातली एक गाडी आजच हलवणं.

मार्च 2017 मध्ये याचाच दुसरा चेहरा दिसला. बीएस-3 या जुन्या प्रदूषण निकषाच्या गाड्या 1 एप्रिलपासून विकता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्चला सांगितलं आणि दोन दिवस दुचाकींवर दहा-वीस हजारांपर्यंत सूट लागली. तेव्हा कर्ज घेता की रोख देता, हे कुणी विचारलं नाही. आणि 2021 मध्ये चिपच्या टंचाईने गाड्याच येईनात, तेव्हा सूटच गायब झाली. वाट पाहणं परत आलं, 1985 सारखं.

आता ज्या गोष्टीबद्दल मला आजही राग आहे ती सांगतो. ऑक्टोबर 2010 मध्ये आमच्याच जिल्ह्याच्या शहरातल्या उद्योजकांनी मिळून एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या. 65 कोटींचा सौदा. स्टेट बँकेने चाळीस कोटींहून जास्त कर्ज दिलं. व्याज सात टक्के, असं बँक कर्मचारी संघटनेचे देविदास तुळजापूरकर यांनी सांगितलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लिहून दाखवलं की मर्सिडीजला सात टक्के आणि ट्रॅक्टरला बारा टक्के. दीडशे जण एकत्र येऊन घासाघीस करतात, त्याला माझी हरकत नाही. व्यापाराची ती रीत आहे. पण स्वस्त कर्ज हीसुद्धा सूटच आहे. आणि ती मिळते गरज किती यावर नाही, एका वेळी किती घेता यावर. सोयगाव तालुक्यातला कापूसवाला एकटा जातो, एकच ट्रॅक्टर मागतो.

सप्टेंबर 2013 मध्ये, सणांच्या तोंडावर, रिझर्व्ह बँकेने बँकांना एक परिपत्रक काढलं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलं जातं, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. आणि किमतीवर सूट असेल तर ती कर्जाच्या रकमेतून वजा करा, व्याजदर कमी दाखवून देऊ नका, असंही बजावलं होतं. मला हे परिपत्रक फार मोलाचं वाटतं. किंमत आणि व्याज एकमेकांत कालवले की गिऱ्हाइकाला दोन्ही दिसेनासे होतात, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

वडिलांच्या वीस हजारांचा हिशेब मी नंतर मांडला. पाच लाख कर्ज, पाच वर्षं. बाहेरच्या बँकेत नऊ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता साधारण 10,379. शोरूममधून अकरा टक्क्यांनी मिळालं तर 10,871. पाच वर्षांत फरक साडेएकोणतीस हजारांचा. म्हणजे मिळालेली सूट परत जाऊन वर आणखी साडेनऊ हजार जातात. दर सारखाच असेल आणि कर्ज घ्यायचंच असेल, तर सूट घ्यावी. त्यात काही वावगं नाही. हातात पैसे असताना फक्त सूट मिळावी म्हणून कर्ज घेऊन दोन महिन्यांनी फेडू म्हणणाऱ्यांनी आधी मुदतपूर्व फेडीचा आकार विचारावा. कारचं कर्ज अनेकदा स्थिर दराचं असतं आणि त्याला तो आकार लागू शकतो. कर्ज लवकर फिटलं तर विक्रेत्याचं कमिशन परत मागितलं जातं, म्हणून सहा महिने तरी ठेवा अशी गळ तोच घालतो. मग एनओसी, फॉर्म 35, आरटीओची चक्कर. आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही.

काकांची जीप 2008 मध्ये भंगारात गेली. पुढे चुलतभावाने पर्यटकांसाठी हप्त्यावर गाडी घेतली. मार्च 2020 मध्ये लेण्यांना कुलूप लागलं. रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने आणि नंतर ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज चालूच होतं. लेणी त्या वर्षी जवळजवळ वर्ष संपेपर्यंत बंद राहिली. गाडी घेताना भावाला पंधरा हजारांची सूट मिळाली होती. त्या बंद महिन्यांत किती व्याज चढलं, ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देणाऱ्याला प्रत्येक किरकोळ कर्जदाराच्या हातात मुख्य तथ्यांचं एक पत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा एकूण दर लिहिलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 ला लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा पुतण्याला गाडी घ्यायची घाई झाली. शोरूममध्ये त्यालाही तेच ऐकू आलं, फायनान्सवर वीस हजार कमी. त्याने आधी ते पत्रक मागितलं. थोडा वेळ लागला, पण मिळालं. ते घेऊन तो सिल्लोडच्या बँकेत गेला, तिथलं पत्रक घेतलं आणि संध्याकाळी दोन्ही कागद माझ्या वडिलांपुढे ओट्यावर ठेवले.

वडिलांनी चष्मा लावला, दोन्ही कागदांवरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "त्या दिवशी हे असलं काही दाखवलं असतं, तर मी तरी विचार केला असता."