ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधील पाणी जाते कोठे?

पहिला पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की गावोगाव कुळवणी व पेरणीची लगबग सुरू होते. वाफसा फार दिवस टिकत नाही. अशा वेळी ट्रॅक्टर तापून बांधाशी उभा राहिला तर दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय पेरणीची वेळही हातची जाते. जुन्या ट्रॅक्टरचे मालक पुष्कळदा रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओततात व कामाला लागतात. काही महिन्यांत एका तांब्याचे दोन तांबे होतात आणि पुढे कळशी लागते. पाणी कमी होते, त्या अर्थी ते कोठून तरी बाहेर जात असते. ती वाट शोधून बंद करणे हाच खरा उपाय होय. रोज भर घालणे हा नव्हे.

पाण्याचे काम

इंजिनात डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. १९५९ साली फरिदाबाद येथे तयार होऊ लागलेल्या आयशर ट्रॅक्टरसारखी काही इंजिने हवेने थंड होत. परंतु बहुतेक ट्रॅक्टर पाण्यावरच अवलंबून असतात. पंप हे पाणी इंजिनाभोवती फिरवितो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पंख्याच्या वाऱ्याने ते निवते.

रेडिएटरचे टोपण हे साधे झाकण नव्हे. ते आतील पाणी दाबाखाली ठेवते. दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो दाब असला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सियसला उकळते. टोपणातील रबरी चकती झिजली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाजूच्या नळीवाटे वाफ होऊन निघून जाते. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. म्हणून शोधाचा आरंभ टोपणापासून करावा. सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच आहे.

तपासणी थंड इंजिनावरच

तापलेल्या रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. दाब एकदम सुटून उकळते पाणी हातावर व तोंडावर उसळते. इंजिन बंद करून ते हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. त्याचप्रमाणे तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. बिडाच्या हेडला तडा जाण्याचा संभव असतो. उष्णतामापकाच्या काट्यावरही पूर्ण विसंबू नये. पाणी फारच खाली गेले तर मापकाचे टोक कोरडे पडते आणि इंजिन तापले असतानाही काटा खालीच राहू शकतो.

बाहेरची गळती

रात्री ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिनाखाली जाड कागद अंथरावा. सकाळी डाग कोठे पडला आहे ते पाहून त्याच्या वरच्या बाजूस शोध घ्यावा. पाणी घरंगळत दूर जाऊन ठिबकते, म्हणून ओला भाग जेथून सुरू होतो ते सर्वांत वरचे ठिकाण शोधावे. वाळलेला पांढरा, हिरवट किंवा तांबूस ओघळ ही गळतीची खूण होय. पुढील ठिकाणे क्रमाने पाहावीत:

१. वरची व खालची रबरी नळी. दाबून पाहता ती पिलपिलीत लागली, फुगलेली असली किंवा क्लिपखाली चिरली असली तर बदलावी.

२. रेडिएटरच्या नळ्या व टाकीचे सांधे, तसेच तळाची तोटी.

३. पाण्याच्या पंपाखालचे लहान छिद्र. तेथून पाणी ठिबकू लागले की आतील सील गेले असे समजावे. हे छिद्र बुजवू नये. बुजविल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

४. इंजिनाच्या अंगावरील पत्र्याच्या गोल बुचा. त्या आतून गंजून झिरपू लागतात.

एवढ्यानेही गळती सापडली नाही, तर मिस्त्रीकडून दाबाची चाचणी करून घ्यावी. टोपणाच्या जागी मापक असलेला हातपंप बसवून टोपणावर लिहिलेल्या अंकाइतकाच दाब देतात. काही मिनिटांत काटा खाली आला तर गळती निश्चित. कारण चालू इंजिनावर जे पाणी लगेच सुकून जाते, ते आता थेंबाथेंबाने दिसू लागते.

आतील गळती

दाब उतरतो, परंतु बाहेर ओल दिसत नाही, अशा वेळी पाणी इंजिनाच्या आत जात असावे. इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरा धूर येत राहणे, तसेच थंड इंजिन टोपण काढून सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, ही हेड गास्केट गेल्याची किंवा हेडला तडा गेल्याची लक्षणे होत. ओले लायनर असलेल्या इंजिनात लायनरच्या रबरी कड्या खराब झाल्यासही पाणी तेलात उतरते. यासाठी ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून तेलाचे खालचे बूच किंचित सैल करावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी साचते व प्रथम तेच बाहेर येते. तेल दुधाळ दिसले किंवा पाणी निघाले तर इंजिन मुळीच सुरू करू नये. एक दिवसाचे काम रेटण्याच्या नादात बेअरिंगा व क्रँक जाण्याची भीती असते.

दुरुस्ती व पाण्याची निवड

पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरला डाख देऊन गळती बंद करता येते. हळदीची पूड टाकून वाट बुजविण्याची युक्ती वाटेत अडलेल्या वाहनचालकास घरी पोहोचवील. पण तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजविते. हेड बसविताना बोल्ट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने व मोजून आवळावेत.

विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत खरपुडी धरते व उष्णता अडते. त्याऐवजी क्षारविरहित पाणी व कंपनीने ठरविलेले कूलंट योग्य प्रमाणात वापरावे. कूलंट गंज रोखते. मात्र सामान्यतः वापरले जाणारे इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट चवीला गोड व अत्यंत विषारी असते. ते मुले, गुरे किंवा कुत्री यांच्या पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये आणि विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. झाकणबंद डब्यात भरून, खूण करून ते दुरुस्तीच्या कारखान्यात द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच, उन्हाळ्यात, गावातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र करून कागद अंथरण्याची व टोपण तपासण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी. प्रत्येक मालकाने किती पाणी घातले व कोणत्या दिवशी, याची नोंद वहीत ठेवावी. निरोगी इंजिनाला सहसा पाणी घालावे लागत नाही. वहीतील नोंदी जवळजवळ येऊ लागल्या की पेरणीची वाट न पाहता गळतीचा शोध सुरू करावा.