आधी पत्रा, मग इंजिन

एमजी म्हटलं की आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यावरची हेक्टर डोळ्यांपुढे येते. त्या नावाचा मूळ पत्ता मात्र इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा. तिथल्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किंबर या व्यवस्थापकाने साध्या मॉरिस गाड्यांवर स्पोर्ट्स बॉडी चढवायला सुरुवात केली आणि पुढे जवळच्याच ॲबिंग्डनला कारखाना सुरू झाला. १९६२ ते १९८० या काळात तिथून एमजीबी बाहेर पडत होती. आधी उघड्या टपाची आणि १९६५ पासून बंद टपाची जीटीसुद्धा. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. म्हणूनच इंग्लंडात राहून जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार स्वतःच्या हाताने उभी करायची असेल, तर माझं मत एमजीबीला. वॉशरपासून विंडस्क्रीनपर्यंत जवळजवळ सगळं आजही नवं मिळतं. इंजिनही आपल्याला परकं नाही. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या बी-सीरीजमधलं आणि त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं भावंड आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं धावलं.

पण गाडी बघायला गेल्यावर आधी बॉनेट उघडू नका. खाली बसा आणि दाराखालचा पत्रा बघा.

एमजीबीच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. बॉडी तिच्यावर बसवलेली असे. एमजीबीत चासीच नाही. पत्र्याची बॉडी हाच गाडीचा सांगाडा. उघड्या गाडीला वरून टपाचाही आधार नसतो, त्यामुळे झाकण काढलेल्या खोक्यासारखी ती मधोमध वाकू पाहते. तिला ताठ ठेवण्याचं काम मुख्यतः दाराखालून जाणाऱ्या दोन लांब पेट्या करतात. त्यांना सिल म्हणतात. प्रत्येक सिलमध्ये पत्र्याचे तीन पदर असतात: आतला, बाहेरचा आणि दोघांच्या मधोमध उभा असलेला तिसरा. तळाशी कॅसल रेल नावाची पट्टी हे सगळं बांधून ठेवते. बाहेरून आपल्याला दिसतो तो फक्त बाहेरचा पदर, तोही दारापुरता. पुढे तो विंगच्या, म्हणजे मडगार्डच्या, आत शिरतो आणि मागेही तसाच आत जातो.

इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पुढच्या चाकाने उडवलेला खारा चिखल विंगच्या आत, दाराच्या बिजागऱ्यांपुढच्या कोपऱ्यात साचतो आणि ओलाच राहतो. तिथला आडोशाचा पत्रा आधी सडतो, मग पाणी थेट सिलच्या पेटीत उतरतं. म्हणजे गंज आतून बाहेर येतो. रंगावर पहिला फोड दिसेपर्यंत मधला पदर बहुधा गेलेला असतो.

विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यातले काही जण सडक्या सिलवर नवा पत्रा चढवतात, वर पुट्टी, त्यावर रंग. वरून गाडी चकाचक, आत भुसा. हे पकडायला दोन साध्या गोष्टी पुरतात. एक, पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. पुट्टीच्या जाड थरावर ते चिकटत नाही. दुसरी, जॅक. सिलखाली मधोमध जॅक लावायची जागा असते. तिथून गाडी उचलताना दाराच्या मागच्या फटीवर नजर ठेवा. फट आवळली, दार अडकलं किंवा खालून कुरकुर ऐकू आली, तर सांगाडा वाकतो आहे. मग इंजिन घड्याळासारखं चालत असलं तरी किंमत ठरवताना ते विसरा.

सिल बदलणं हे या गाडीतलं सगळ्यात मोठं काम आणि ते क्रमानेच करावं लागतं. आधी बॅटऱ्या काढायच्या, पेट्रोलची टाकी उतरवायची. वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ दोन्ही नकोत. गाडी सपाट जमिनीवर, तिचं वजन नेहमी जिथे पडतं तिथेच, म्हणजे सस्पेन्शनखाली टेकवून ठेवायची. मग दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी टेकू पक्का बसवायचा. हा टेकू न लावता सिल कापली, की बॉडी मधोमध खचते आणि त्याच खचलेल्या अवस्थेत नवी सिल वेल्ड होते. मग ते दार कधीच नीट लागत नाही. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. एक पूर्ण झाल्यावरच दुसरी.

पुढची विंग बोल्टवर असते, ती निघते. मागची वेल्ड केलेली. तिचा खालचा तुकडा कापावा लागतो. एवढा व्याप टाळण्यासाठी पुष्कळ गॅरेजवाले दोन विंगांच्या मधला, दिसणारा तुकडाच बदलतात. त्यांच्याकडून ते काम करून घेऊ नका. नवे पदर टोकाटोकाला टाचून घ्यायचे, दार लावून बघायचं, फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आल्या की मगच पक्कं वेल्डिंग. दार पुन्हा पुन्हा काढण्या-घालण्यात अख्खा दिवस जातो. तो जाऊ द्यावा. रंग झाल्यावर पेटीच्या पोकळीत नळीने मेण फवारतात. सिलच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोकं असतात, ती मेणाने किंवा रंगाने बुजली नाहीत ना, हे तारेने तपासायचं.

सीटमागच्या फळीखाली बॅटरीच्या पेट्या असतात. १९७४ पर्यंत इथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. ॲसिड सांडून त्या पेट्यांचा तळ जातो. तिथेही डोकावा. आणि सगळीच बॉडी गेली असेल तरी मार्ग आहे. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवरूनच एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवू लागली. महाग असते, पण सात ठिकाणी ठिगळं लावण्यापेक्षा कधी कधी हिशेबात बसते.

इंजिनाबद्दल फार काळजी नको. ओतीव लोखंडाचं, साधं, दणकट इंजिन आहे. गरम झाल्यावर चालत्या गाडीत तेलाचा दाब ५० पाउंडांच्या वर राहत असेल तर बेअरिंगं ठीक आहेत. तेल २०डब्ल्यू-५० प्रतीचं घाला, आजच्या गाड्यांचं पातळ तेल नको. टॅपेट थोडे वाजतातच. अगदी गप्प असतील तर उलट फट कमी असल्याची शंका घ्यावी.

टॅपेटची फट ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर, फीलर गेजने ठेवायची. कोणता व्हॉल्व्ह केव्हा सेट करायचा यासाठी एक सोपा हिशेब आहे. व्हॉल्व्ह आठ, पुढून मागे एक ते आठ नंबर द्या. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा दाबलेला असताना पाचवा. बेरीज नेहमी नऊ. प्लग काढून ठेवा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि हाताने ढकला, की इंजिन हवं तेवढंच फिरतं.

आता एसयू कार्ब्युरेटर. एमजीबीत ते जोडीने येतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्किनर बंधूंनी ही रचना शोधली. घरचा धंदा बुटांचा, आणि सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला, तत्त्व तेच राहिलं. इंजिन हवा ओढतं तसा पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या तळाला निमुळती होत गेलेली सुई असते, ती खाली पेट्रोलच्या जेटमध्ये उतरलेली. पिस्टन वर गेला की सुईही वर सरकते, जेटचं तोंड जास्त मोकळं होतं आणि पेट्रोल वाढतं. हवा किती आली त्यावरच पेट्रोल किती हे ठरतं. एक सुई, एक जेट, बस्स.

पिस्टनच्या पोकळ दांड्यात तेल घालायचं असतं. वरची काळी टोपी फिरवून काढली की खाली छोटा डँपर लटकलेला दिसतो. एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर हे तेल पिस्टनला झटकन वर जाऊ देत नाही, त्यामुळे क्षणभर मिक्स्चर रिच होतं आणि गाडी उचल घेते. तेल संपलं की गाडी आचके देते, आणि नवखा माणूस प्लगपासून पंपापर्यंत सगळं उघडून बसतो. आधी ही टोपी उघडून बघावी.

ट्यूनिंगला सगळ्यात शेवटी हात घालायचा. टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग हे आधी. पॉइंटची फट ०.०१५ इंच. मग इंजिन चांगलं गरम करून, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं. दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवायचे. त्यानंतर मिक्स्चर. कार्ब्युरेटरच्या बाजूला एक बारीक पिन असते. तिने पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन लगेच बसायला लागलं तर कमी आहे. वेग किंचित वाढून पुन्हा पूर्वपदावर आला तर बरोबर. सुधारणा जेटखालच्या षटकोनी नटाने करायची, एका वेळी एकच पैलू फिरवून. नट खाली आणला की पेट्रोल वाढतं, वर नेला की कमी होतं.

विजेची कामं ल्युकस कंपनीची. अंधाराचा राजकुमार म्हणून इंग्रज या कंपनीची टिंगल करत आले आहेत. ती निम्मी अन्यायाची आहे. पन्नास वर्षं जुन्या गाडीत दिवा मिणमिणतो तो बहुतेक वेळा अर्थिंगमुळे. काळ्या वायरचं टोक सोडवा, पत्रा घासून उजळ करा, पुन्हा आवळा. निम्मे रोग तिथेच बरे होतात. वायरच्या रंगांची शिस्तही नीट आहे: तपकिरी बॅटरीकडून थेट येते, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून जाणारी. एक खबरदारी मात्र हवीच. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. हे न बघता नवा रेडिओ किंवा फोनचा चार्जर जोडला तर तो जळालाच म्हणून समजा.

पेट्रोलचा पंप मागे, उजव्या चाकाच्या पुढे. चावी फिरवली की टिकटिक ऐकू येते आणि कार्ब्युरेटर भरले की ती थांबते. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधा. टिकटिक झालीच नाही तर पंपाला हळूच टोला द्या, आतले चिकटलेले पॉइंट सुटतात. घरी पोहोचण्यापुरता हा उपाय. नंतर पॉइंट बदला.

पुढच्या किंगपिनना दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस लागतं, तेही चाकं अधांतरी असताना, म्हणजे ते सगळीकडे पोहोचतं. तारांची चाकं असतील तर मधला मोठा नट तांब्याच्या हातोडीने सोडवायचा. गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट असतात, दिशा नटावर लिहिलेली असते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दोन वर्षांनी बदला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि चिरतात, म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घाला किंवा पाच टक्केवालं महागडं पेट्रोल भरा.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीत गेल्या ३० वर्षांत मोठा फेरफार झाला नसेल, तर वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही. एमजीबी आता एकूण एक त्या वयाच्या पुढे गेल्या आहेत. तरीही वर्षातून एकदा गाडी त्या तपासणीला न्याच. सीट-बेल्ट आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले असतात त्या जागांच्या ३० सेंटिमीटरच्या आतला गंज तपासनीस शोधतो, आणि एमजीबीच्या सिल त्या टप्प्यात येतात.