मल्टिपल स्क्लेरॉसिस : कारणांचा शोध कोठवर आला?

समजा, महाड तालुक्यातील तुडीलसारख्या एखाद्या गावी भाताची लावणी चालू आहे. पंचविशीतील सून बांधावरून चालता चालता थबकते. एका डोळ्यासमोर धुके दाटल्यासारखे तिला वाटते आणि डोळा हलविला की तो दुखतो. काही आठवड्यांत दृष्टी पुष्कळशी पूर्ववत होते आणि घरचे लोक ती गोष्ट विसरूनही जातात. वर्षा-दीड वर्षाने तिच्या पायांना मुंग्या येऊ लागतात, चिखलात पाऊल नेमके कोठे पडते ते कळेनासे होते, थोड्याशा कामाने ती गळून जाते. मग घरात तर्क सुरू होतात. कोणी अशक्तपणा म्हणतो, कोणी कामाचा कंटाळा म्हणतो, कोणी भगताचे नाव सुचवितो. ‘असे का झाले?’ हा प्रश्न सर्वांनाच पडतो आणि बहुधा कोणाला तरी दोष देऊन त्याचे उत्तर दिले जाते.

हे चित्र काल्पनिक असले, तरी त्यातील लक्षणे काल्पनिक नाहीत. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या व्याधीचा आरंभ पुष्कळदा अशाच प्रकारे होतो. ‘असे का झाले?’ या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र दीडशे वर्षे शोधीत आहे. त्या शोधातील एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबई आणि पुणे शहरांतूनच हाती आला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

व्याधीचे स्वरूप

मेंदू, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू आणि डोळ्यांकडे जाणारे दृष्टितंतू यांमधून संदेशांची अखंड ये-जा चालू असते. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टन असते, तसे या तंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. त्या आवरणामुळे संदेश वेगाने व बिनचूक पोहोचतात. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्ती, जिने बाहेरील जंतूंशी लढावयाचे, ती या आवरणावरच हल्ला चढविते. आवरण जागोजागी नष्ट होते आणि तेथे कठीण वण तयार होतात. पॅरिसमधील मज्जाविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या व्याधीचे पहिले सुसंगत वर्णन केले. ‘अनेक ठिकाणचे काठिण्य’ असाच तिच्या नावाचा अर्थ आहे.

वण कोठे पडतो त्यावर लक्षण अवलंबून असते. दृष्टितंतूवर पडला तर दृष्टी अंधुक होते, मज्जारज्जूवर पडला तर हातापायांत बधिरता किंवा दुबळेपणा येतो अथवा लघवीवरील ताबा सुटतो, लहान मेंदूकडे पडला तर तोल जातो. शंभरातील सुमारे पंच्याऐंशी रुग्णांत प्रारंभी व्याधी झटक्याझटक्यांनी येते व मधल्या काळात ओसरते. हे ओसरणे फसवे असते, कारण रुग्ण बरा झाला असे समजून उपचार थांबतात. व्याधी बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ती दुपटीहून अधिक आढळते. जगात आज २८ लाखांहून अधिक लोक तिने ग्रस्त आहेत. ती संसर्गजन्य नाही.

नकाशावरील कोडे

या व्याधीचा प्रसार जगाच्या नकाशावर सारखा नाही. उत्तर युरोप व कॅनडा येथे लाख लोकसंख्येमागे शंभराहून अधिक, काही ठिकाणी दोनशेच्याही वर रुग्ण आढळतात. विषुववृत्ताकडे यावे तसतसे हे प्रमाण घटत जाते. भारतात १९८० च्या दशकातील अंदाज लाखामागे एकाच्या आसपास होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मंगळूर येथील पाहणीत तो आठाच्या घरात गेला. ही वाढ सर्वस्वी खरी वाढ मानता येणार नाही. मेंदूचे सूक्ष्म चित्र देणारे एम.आर.आय. यंत्र व मज्जाविकारतज्ज्ञ पूर्वी फारच थोड्या ठिकाणी उपलब्ध होते. जे रुग्ण तेव्हा ओळखले गेले नाहीत, ते आता ओळखले जात आहेत.

तरीही अंतर मोठेच राहते. महाडचा परिसर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर स्कॉटलंड ५५ अंशांच्याही पलीकडे. हा फरक उन्हाचा, अन्नाचा, जंतूंचा की रक्ताचा, असा प्रश्न संशोधकांपुढे उभा राहिला.

मुंबई-पुण्यातील पारशी समाज

या प्रश्नाचे निम्मे उत्तर शोधावयाचे, तर एकाच हवामानात राहणारे पण वंशपरंपरेने भिन्न असे दोन समाज हवेत. मुंबईत ते शेजारी शेजारी नांदत होते. पारशी समाज हजार वर्षांपूर्वी इराणातून आला आणि शतकानुशतके त्याने आपल्याच समाजात विवाहसंबंध केले. मुंबई त्याचे प्रमुख केंद्र असून पुण्यातही त्याची जुनी वस्ती आहे. तज्ज्ञांनी या समाजातील रुग्णांची शिस्तवार मोजणी केली. डॉ. नाडिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांची मुंबईतील पाहणी १९८८ साली, तर डॉ. नोशिर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्याची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. पारशी समाजात लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. त्या काळी इतर भारतीयांविषयी जो अंदाज होता, त्याच्या हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते.

ऊन तेच, पाऊस तोच, शहर तेच. मग फरक पडला कशाने? सामाजिक राहणीचा काही वाटा असू शकेल. परंतु अनुवंशाचा भाग मोठा आहे, या मताला या पाहण्यांनी बळ दिले. पेशींवरील ‘एच.एल.ए.’ ही ओळखचिन्हे ठरविणाऱ्या जनुकांशी या व्याधीचा संबंध असल्याचे १९७० च्या दशकाच्या आरंभीच दिसून आले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात व्याधीशी निगडित असे दोनशेहून अधिक जनुकीय फरक नोंदविले गेले. मात्र यांपैकी कोणताही एक फरक एकट्याने व्याधी निर्माण करीत नाही.

अनुवंश हेच सर्वस्व नव्हे

अनुवंशच सर्व काही ठरवीत असता, तर एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकास व्याधी झाल्यावर दुसऱ्यासही ती हटकून झाली असती. प्रत्यक्षात तसे सुमारे चारांपैकी एकाच जोडीत घडते. आई किंवा वडील रुग्ण असल्यास अपत्याला व्याधी होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच असते, असे पाश्चात्त्य देशांतील आकडे सांगतात. म्हणजेच ज्या घरात एक रुग्ण आहे, त्या घरातील मुलामुलींच्या सोयरिकी या कारणावरून मोडण्यास काहीही शास्त्रीय आधार नाही.

दुसरा पुरावा देशांतराचा आहे. महाड परिसरातून पोटापाण्यासाठी मुंबईस व परदेशी जाण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे हा मुद्दा येथील वाचकांस जवळचा वाटेल. भारतीय उपखंड, आफ्रिका व वेस्ट इंडीज येथून ब्रिटनमध्ये गेलेल्या प्रौढांमध्ये ही व्याधी कमीच राहिली. परंतु १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्यांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांमधील प्रमाण तेथील स्थानिकांच्या जवळपास पोहोचले. एका पिढीत जनुके बदलत नाहीत; बदलतो तो परिसर. बालपण व किशोरवय यांत परिसरातील काहीतरी आपला ठसा उमटवून जाते, असा निष्कर्ष यातून निघतो.

एका विषाणूवरील संशय

ते ‘काहीतरी’ म्हणजे काय? सर्वांत सबळ संशय एपस्टाइन-बार या विषाणूवर आहे. १९६४ साली शोध लागलेला हा विषाणू लाळेवाटे पसरतो. जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो सुप्तावस्थेत असतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील लष्करात वीस वर्षांच्या काळात सेवा केलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी आणि साठविलेले रक्तनमुने तपासले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की या विषाणूची लागण झाल्यावर व्याधीचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. ज्या ८०१ रुग्णांचे नमुने उपलब्ध होते, त्यांपैकी एकाचा अपवाद वगळता सर्वांना आधी ही लागण झालेली होती. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या साखळीतील एक संभाव्य दुवा दाखविला. विषाणूमधील एक प्रथिन आणि मज्जासंस्थेतील एक प्रथिन यांचा काही भाग इतका सारखा आहे, की विषाणूविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड आपल्याच मज्जासंस्थेलाही चिकटू शकते. चोर समजून घरच्याच माणसाला धरावे, तसाच हा प्रकार होय.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल. हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात असेल, तर व्याधी इतक्या थोड्यांनाच का? शिवाय आपल्याकडे तर त्याची लागण बहुतेक मुलांना अगदी लहानपणीच होते. शंका रास्त आहे. लहान वयातील लागण बहुधा लक्षणांवाचून निभावते, तर पाश्चात्त्य देशांत ती पुष्कळदा किशोरवयात होते आणि ताप व गळ्याच्या गाठी यांसह तीव्र स्वरूप धारण करते. अशा तीव्र लागणीनंतर मल्टिपल स्क्लेरॉसिसचा धोका अधिक असल्याचे दिसले आहे. विषाणूला ठिणगी म्हटले, तर ती पडल्यावर भडका उडण्यासाठी सुकलेले गवत लागतेच. ते गवत म्हणजे अनुवंश आणि इतर घटक.

इतर घटकांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान आणि किशोरवयातील स्थूलता यांचा समावेश होतो. ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत उन्हामुळे तयार होते. उत्तरेकडे ऊन कमी, म्हणून तेथे व्याधी अधिक, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. परंतु भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशातही या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्यामुळे एवढ्यावर सारे कोडे सुटत नाही. लसीकरण, मार लागणे किंवा एखादा विशिष्ट अन्नपदार्थ खाणे यांमुळे ही व्याधी होते, असा पुरावा नाही. विटाळ, करणी वा दृष्ट यांचा तर तिच्याशी काहीच संबंध नाही.

संशोधनाची दिशा

कारणांचे ज्ञान केवळ कुतूहलापुरते नसते. उपचार त्यातूनच निघतात. हल्ला प्रतिकारशक्तीकडून होतो हे कळल्यावर तिला आवर घालणारी औषधे शोधली गेली. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटा या पहिल्या औषधास मान्यता मिळाली. त्यानंतर अनेक औषधे आली असून, ज्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू दडून राहतो त्या बी-पेशींना लक्ष्य करणारी औषधे विशेष प्रभावी ठरली आहेत. ही औषधे झटक्यांची संख्या घटवितात. व्याधी समूळ नाहीशी करीत नाहीत. एपस्टाइन-बार विषाणूवरील नव्या लसींच्या प्राथमिक मानवी चाचण्या २०२२ साली सुरू झाल्या. नष्ट झालेले आवरण पुन्हा निर्माण करण्याचे प्रयत्नही प्रयोगावस्थेत आहेत.

आपल्या दृष्टीने आणखी एक शोध महत्त्वाचा आहे. डोळे व मज्जारज्जू यांवरच प्रामुख्याने आघात करणारी एक व्याधी आशियात पूर्वी मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्येच गणली जात असे. २००४ साली तिचे वेगळे प्रतिपिंड सापडले आणि ती ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ ही निराळी व्याधी असल्याचे सिद्ध झाले. एकीची काही औषधे दुसरीत अपाय करतात. म्हणून ऐकीव माहितीवर वा दुसऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर औषध घेणे धोक्याचे आहे.

रुग्णाच्या घरच्यांसाठी

गेलेले तंतू परत मिळत नाहीत. म्हणून उपचार जितके लवकर सुरू होतील तितके हित अधिक. एका डोळ्याची दृष्टी दुखण्यासह अंधुक होणे, दिवसभराहून अधिक टिकणारी बधिरता, तोल जाणे, अकारण लघवीचा त्रास, अशी लक्षणे तरुण वयात दिसल्यास ती आपोआप ओसरली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावीत आणि जुनी लक्षणेही डॉक्टरांना आठवणीने सांगावीत. अलिबागचे जिल्हा रुग्णालय, मुंबईची जे.जे. व के.ई.एम. रुग्णालये आणि पुण्याचे ससून रुग्णालय येथे पुढील तपासणीसाठी जाता येते. वैशाखातील उकाडा, ताप किंवा कढत पाण्याचे स्नान यांनी जुनी लक्षणे तात्पुरती बळावतात. अशा वेळी रुग्णाला सावली, विसावा व गार पाणी द्यावे. तिचा थकवा खरा असतो. तो आळस नव्हे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मल्टिपल स्क्लेरॉसिसचा स्वतंत्र उल्लेख असून, रुग्णांस दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांस माहिती व आधार देते.

अनुवंश, विषाणू, ऊन, राहणी असे अनेक प्रवाह एकत्र आले म्हणजे ही व्याधी उद्भवते. यांपैकी कोणताही प्रवाह रुग्णाने, तिच्या आईने वा सासरच्यांनी ओढवून आणलेला नसतो. म्हणून बांधावर थबकलेल्या त्या सुनेला ‘तू काय केलेस?’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘केव्हापासून होते आहे?’ असे विचारावे आणि दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावे, यातच तिचे हित आहे.