कंबरेतील गादी सरकल्यास नळीचे ऑपरेशन करावे काय?

उसाची मोळी उचलताना चमक भरते अन् कळ पोटरीत उतरते. मणक्यांमधल्या गादीचा गर शिरेवर दाबतो, त्याची ही कळ. मग कुणीतरी सांगतं, "नळीतून ऑपरेशन करा, चार दिवसांत उसात!" आम्ही म्हणतो, जरा दमानं घ्या.

नेदरलँडमधील २००७ सालच्या अभ्यासात दीड ते तीन महिने कळ सोसलेले २८३ रुग्ण होते. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षअखेर थांबलेलेही तितकेच, शेकडा ९५ बरे. अर्थात थांबलेल्यांतही शेकडा ३९ जणांना पुढे ऑपरेशन करावेच लागले.

तिथल्याच २००९ सालच्या अभ्यासात वर्षाने नळीवाले शेकडा ६९ बरे, नेहमीच्या छेदाचे ७९. जखम लहान म्हणून गुण जास्त, असे नव्हे.

मात्र लघवी अडली, पाऊल लुळे पडले, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.