परतीची रेघ

माल पोहोचवणाऱ्या गाड्यांचे मार्ग आखण्याचा प्रश्न जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर यांनी १९५९मध्ये गणितात मांडला. त्यांच्यापुढे पेट्रोलचे टँकर होते: डेपोतून निघायचं, पंपांवर पेट्रोल द्यायचं, डेपोत परतायचं. नुसती बारा ठिकाणं घेतली तरी त्यांचे ४७,९०,०१,६०० क्रम लागतात. ठिकाणं वाढली, की संगणकही बऱ्यापैकी मार्गावर समाधान मानतो.

गाडी कंत्राटावरची असेल, तर मांडणी बदलते. तिला ‘खुला मार्ग’ म्हणतात: शेवटच्या घरी रेघ थांबते, परतीचं अंतर शून्य. साहजिकच गोदामापासून लांबचं घर शेवटी टाकणं फायद्याचं ठरतं.

पुण्यात कंत्राटदाराकडे पार्सलं वाटणाऱ्या एका मुलाच्या मागे मी दिवसभर मोटारसायकलवर बसलो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पैसे पार्सलमागे. गोदाम वाघोलीला, शेवटचं पार्सल संध्याकाळी सातला हडपसरला दिलं आणि मोबाइलवरचा मार्ग संपला. पण खिशात गिऱ्हाइकांची रोकड होती, पिशवीत कुलूपबंद घरांची चार पार्सलं. दोन्ही त्याच रात्री गोदामात जमा करायची. म्हणजे मार्ग खुला नव्हताच!

“सर, इथून पुढचं पेट्रोल आपलं,” असं म्हणून त्याने गाडी वळवली.

घरी येऊन मी तीच ठिकाणं परतीचं अंतर धरून कागदावर पुन्हा मांडली. हडपसर मध्ये आलं. मोबाइलवरची रेघ दोन किलोमीटरने वाढली. त्याची अख्खी फेरी पाचने कमी झाली.